तीन नंबरचं मशीन, मंगळवार, बावीस वेळा

गेल्या महिन्यात मारतहळ्ळीहून एक जोडपं माझ्याकडे आलं. दोघंही पुण्याची, दोघंही सॉफ्टवेअरमध्ये, आणि पहिल्या मिनिटापासून मला काकू म्हणणारी. बंगळुरात चामराजपेटेतल्या आमच्या गल्लीत गाडी लावायला जागा मिळेना, म्हणून आधी अर्धा तास फोनवरच गेला. मग कॉफी झाली आणि त्यांनी काम सांगितलं. त्यांच्या सोसायटीचं स्वतःचं वायफाय आहे, मुलं त्यावर नको ते बघतात, तर फिल्टर कसा लावावा. "आणि काकू, दर आठवड्याला रिपोर्ट पण निघेल ना? कुठल्या फ्लॅटमधून काय बघितलं, असा? ग्रुपवर टाकला की आपोआप कंट्रोल राहतो."

मी म्हटलं, फिल्टर लावा, रिपोर्ट काढू नका. का, म्हणून त्या मुलीने विचारलं. मला सांगता आलं नाही, आणि सांगता आलं नाही की मी चिडते, हा माझा जुना रोग आहे. "तुमच्या घरी कुणी उगाच दोषी ठरलं नाहीये अजून, म्हणून विचारताय," असं काहीतरी तोडून बोलले. ती दोघं कॉफी अर्धी टाकून गेली. पोरांचा काही दोष नव्हता.

आमच्या मंडळाचे संपादक मागे लागलेत की दिवाळी अंकासाठी तुमच्या नोकरीतल्या गमतीजमती लिहा. गमतीजमती आहेत, लिहिते. पण त्या जोडप्याला सांगायचं राहिलं तेही लिहिणार आहे, मग अंकात बसो न बसो.

मी इलेक्ट्रॉनिक्सची डिप्लोमावाली. चौदा वर्षं एका सरकारी कारखान्यात टेलिफोनचे बोर्ड जोडले. मग कारखान्याने आम्हाला स्वेच्छेने घरी जायला लावलं. स्वेच्छा त्यांची, घरी जायचं आम्ही. यजमानांचीही नोकरी तेव्हा धड नव्हती. शतक संपायला दीड-दोन वर्षं उरली असताना मला मुलींच्या एका कॉलेजात कॉम्प्युटर आणि इंटरनेट सांभाळायचं काम मिळालं. कॉलेजचं नाव लिहीत नाही. त्यातली बरीच माणसं अजून आहेत.

कॉलेज रस्त्याच्या एका बाजूला आणि लायब्ररी दुसऱ्या बाजूला. इंटरनेटची लाईन कॉलेजात आलेली, मुलींना बसायची खोली मात्र लायब्ररीत. रस्ता खणून केबल टाकायची तर कॉर्पोरेशनचे उंबरे झिजवायचे. म्हणून दोन्ही गच्च्यांवर एकेक अँटेना लावला आणि मधल्या हवेतून इंटरनेट नेलं. वायफाय हा शब्द तेव्हा कुणाच्या तोंडात नव्हता, आम्ही त्याला रेडिओ म्हणायचो. एका पालकांनी मला विचारलं होतं, यावर गाणी लागतात का.

या रेडिओचा एकच शत्रू होता, शेजारच्या गौडरांचं नारळाचं झाड. दोन अँटेनांना एकमेकांचं तोंड दिसावं लागतं, आणि हे झाड बरोबर मध्ये वाढत होतं. वारा सुटला किंवा झावळ्या भिजल्या की लायब्ररीतलं इंटरनेट गायब. मी गौडरांकडे जायची, ते म्हणायचे, "नारळ उतरवणारा येईल तेव्हा बघू, स्वल्प दम धरा अम्मा." मग मी गच्चीवर चढून अँटेनाचा खांब वीतभर इकडे, वीतभर तिकडे करायची. साडीचा पदर खोचून पाना फिरवणारी बाई बघायला समोरच्या गच्चीवर प्रेक्षक जमायचे.

आता फिल्टरबद्दल. बाहेरच्या माणसाला सांगायचं तर ती पिठाची चाळणी आहे. लायब्ररीतल्या सहा मशीनपैकी कुणीही काहीही मागितलं तरी ते थेट मिळत नाही. माझ्या खोलीतल्या एका कॉम्प्युटरमार्फत जातं. त्या कॉम्प्युटरपाशी वाईट पत्त्यांची यादी असते आणि वाईट शब्दांची. मागितलेलं पान यादीत बसलं की तो दार लावून घेतो आणि वहीत टिपून ठेवतो: कुठल्या मशीनवरून, किती वाजता, काय मागितलं. बास, एवढंच. यात अक्कल कुठेच नाही.

शब्दांची यादी करायला कमिटी बसली होती. सेक्रेटरी सर, प्रिन्सिपॉल मॅडम आणि संस्थेचे तीन वयस्कर सभासद. सगळे सज्जन. तासभर चहा झाला, उपीट झालं, पण एकाच्याही तोंडून शब्द फुटेना. शेवटी असं ठरलं की प्रत्येकाने घरी जाऊन कागदावर लिहावेत आणि बंद पाकिटात माझ्याकडे द्यावेत. पाच पाकिटं आली. एकात फक्त "इत्यादी" असं लिहिलेलं होतं. दुसऱ्या एका पाकिटातले शब्द असे होते की त्या गृहस्थांना नंतर नमस्कार करताना माझी मान वर होईना.

त्या शब्दांनी पहिल्याच आठवड्यात गृहविज्ञानाच्या बाईंचा स्तनपानाचा धडा अडवला. त्या तरातरा माझ्या खोलीत आल्या आणि म्हणाल्या, "तुमच्या कॉम्प्युटरला आईने पाजलं नव्हतं का?" मी शब्द काढून टाकला. कमिटीला सांगितलं नाही.

इथवर गंमत होती. मग सेक्रेटरी सरांच्या डोक्यात याद्यांचं आलं. दार नुसतं लावून उपयोग नाही, दार कुणी वाजवलं ते सगळ्यांना कळलं पाहिजे, म्हणजे वचक बसेल. दर शनिवारी लायब्ररीच्या नोटीस बोर्डावर यादी लागायची. फक्त पत्ते छापायचे नाहीत असं कमिटीने ठरवलं, कारण मुलींच्या कॉलेजच्या बोर्डावर तसले पत्ते शोभणार नाहीत. म्हणून मशीनचा नंबर, वार, वेळ आणि किती वेळा, एवढंच. त्या वेळी त्या मशीनवर कोण होतं ते रजिस्टरात बघायचं आणि त्या मुलीच्या घरी पत्र पाठवायचं. यादी काढायला मी एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. शनिवारी बटण दाबलं की कागद बाहेर. मलाही ते पत्ते वाचायची गरज उरली नाही, आणि खरं सांगते, मला ते बरंच वाटलं.

रजिस्टर सांभाळायची शारदा. चिकपेटेतल्या शिंप्याच्या घरची, आमच्यासारखीच पिढ्यान्‌पिढ्या बंगळुरात मुरलेली मराठी. आमचं मराठी ऐकून पुण्याची माणसं हसतात. आम्हा दोघींना मात्र कॉलेजात तेवढाच एक विसावा होता. ती मला अक्का म्हणायची. सव्वीस-सत्तावीस वर्षांची, लायब्ररीत दोन वर्षं टेंपररी. लायब्ररी सायन्सची परीक्षा बाहेरून देत होती. ती झाली की पुढच्या महिन्यात पर्मनंटची ऑर्डर मिळणार असं तोंडी ठरलं होतं. वडील गेलेले, थोरला भाऊ घर चालवायचा आणि दिवसातून दोनदा बोलून दाखवायचा. ती पर्मनंटची ऑर्डर म्हणजे भावाचं ते बोलून दाखवणं बंद करण्याचं औषध होतं. अभ्यासासाठी प्रिन्सिपॉल मॅडमनी तिला मंगळवारी तीन ते चार तीन नंबरच्या मशीनवर बसायची परवानगी दिली होती. ती रजिस्टरात स्वतःचं नाव लिहायची, वेळ लिहायची आणि मगच बसायची. स्वतःच्याच रजिस्टरात.

आणि मंगळवारीच माझीही परीक्षा असायची. दर आठवड्याला यादीत नवे पत्ते घातले की चाळणी धड आहे की भोक पडलंय ते बघावं लागतं, आणि ते बघायचा एकच मार्ग: स्वतः बसायचं आणि घाण मागायची. माझ्याकडे चिठ्ठी होती, तिच्यावर नमुन्याचे पत्ते. पाचला खोली बंद झाली की मी तीन नंबरवर बसायची, कारण त्याचा पडदा दारातून दिसत नाही. चिठ्ठीवरचे पत्ते एकामागून एक टाकायचे, प्रत्येक वेळी दार बंद आहे ना ते बघायचं. मला त्याची इतकी लाज वाटायची की शारदा किल्ली घेऊन बाहेर बसायची, कुणी येऊ नये म्हणून. "उरका अक्का तुमचं शेणकाम," म्हणायची. बाहेर आले की विचारायची, "आज किती?" मी म्हणायची, "बावीस." चिठ्ठीवर बावीसच होते.

मी रजिस्टरात सही करत नसे. कशाला करू? रजिस्टर ज्यांच्यावर लक्ष ठेवायचं त्यांच्यासाठी, मी लक्ष ठेवणारी. माझी परीक्षा शनिवारच्या यादीत येऊ नये म्हणून प्रोग्रॅमला सांगून ठेवलं होतं: तीन नंबरचं मशीन, मंगळवार, पाच ते सहा, एवढं गाळ.

अशाच एका मंगळवारी सकाळी वीज गेली, ती बारा वाजायच्या सुमाराला आली. माझा कॉम्प्युटर तोवर बंद पडलेला. त्याच्या आतली घड्याळाची बॅटरी म्हातारी झाली होती. कॉम्प्युटर बंद असला की त्याचं घड्याळही झोपायचं आणि उठल्यावर जिथे झोपलं तिथूनच पुढे चालायचं. मला हे ठाऊक होतं. वीज जाऊन आली की मनगटावरच्या घड्याळात बघून ते लावायचं, ही माझी सवय होती. बॅटरी रुपयाच्या नाण्याएवढी असते, ती बदलायची आज-उद्या करत होते. त्या दिवशी वीज आली आणि रेडिओ काही लागेना. गौडरांच्या झाडाची एक झावळी मोडून लोंबत होती. मी गच्चीवर गेले, दोन तास खांबाशी झटले, खाली येऊन जेवले. घड्याळ राहून गेलं. पाचनंतर नेहमीप्रमाणे परीक्षा घेतली. दुसऱ्या दिवशी सकाळी लक्षात आलं की घड्याळ पावणेदोन-दोन तास मागे आहे. लावलं. माझ्या डायरीत टिपूनही ठेवलं, कारण मी फार व्यवस्थित बाई.

शनिवारी बटण दाबलं, कागद निघाला, शिपायाकडे दिला. त्यावर काय होतं ते मी वाचलं नाही. बोर्डावर लागलं: तीन नंबरचं मशीन, मंगळवार, साडेतीन, बावीस वेळा.

रजिस्टरात मंगळवारी साडेतीनला एकच नाव होतं.

शारदा माझ्या खोलीत आली तेव्हा रडत नव्हती. दारातच उभी राहिली. म्हणाली, "अक्का, यादीत माझं मशीन आलंय."

मी म्हटलं, "मग?"

"मी अभ्यास करत होते. तुम्ही एकदा आत बघा ना. बावीस लिहिलंय, अक्का. बावीस."

मला त्या वेळी सेक्रेटरी सरांनी आधीच बोलावलं होतं आणि विचारलं होतं की यादीत चूक होऊ शकते का. मी छाती पुढे काढून सांगितलं होतं की होऊ शकत नाही. आता तिच्यासमोर मागे कशी येऊ? आणि मनात दुसरंही होतं, लपवत नाही. मला वाटलं, असेल. तरुण आहे, लग्न नाही, खोलीत एकटी असते, असेल बघितलं. मी म्हटलं, "शारदा, माणूस खोटं बोलतो. मशीन खोटं बोलत नाही."

मग ती कन्नडात "सरी, अक्का," म्हणजे बरं, एवढंच म्हणाली आणि गेली.

तिला कुणी काढलं नाही. आमची संस्था तशी नव्हती. तिला फक्त एक माफीपत्र लिहायला सांगितलं. लिहिलं तर टेंपररी चालू, पर्मनंटचं पुढच्या वर्षी बघू. जे केलं नाही त्याची माफी लिहिणार नाही, असं ती म्हणाली आणि किल्ल्या टेबलावर ठेवून गेली. प्रिन्सिपॉल मॅडम मला म्हणाल्या, "एवढा ताठा म्हणजे काहीतरी असणारच." मी मान डोलावली.

दीड महिन्याने कॉलेजचं स्नेहसंमेलन होतं. मंगळवार होता. सगळं कॉलेज मांडवात, लायब्ररीला कुलूप, आणि किल्ली माझ्या पर्समध्ये. सकाळी वीज गेली होती, आणि आल्यावर मी माईकच्या वायरी बघत फिरत होते. संध्याकाळी म्हटलं, परीक्षा तेवढी उरकून घ्यावी. शनिवारी कागद निघाला आणि या वेळी मी तो वाचला, कारण शिपाई रजेवर होता आणि बोर्डावर मलाच लावायचा होता. तीन नंबरचं मशीन, मंगळवार, चार वाजता, बावीस वेळा.

चार वाजता त्या खोलीत चिटपाखरू नव्हतं.

मी कागद हातात घेऊन खोलीत परतले आणि मूळ वही उघडली, जिच्यात पत्ते असतात. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा उघडली. बावीस पत्ते माझ्या चिठ्ठीतले, चिठ्ठीतल्याच क्रमाने. मग दीड महिन्यामागचा तो मंगळवार काढला. तेच बावीस, तोच क्रम. डायरी काढली. माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं: घड्याळ एक तास पन्नास मिनिटं मागे, लावलं. पाच वीसमधून एक पन्नास वजा केले. साडेतीन.

घाण मी मागितली होती. यादी मी काढली होती. आणि तिने आकडा सांगितला तेव्हा तो ऐकलाही मीच नव्हता. माझे हातपाय गार पडले, हे लिहायला काय जातं. हातपाय गार पडून कुणाचं काही भलं होत नाही.

सोमवारी सेक्रेटरी सरांकडे गेले आणि सगळं सांगितलं. ते ओरडले नाहीत. चष्मा काढून पुसला. म्हणाले, "नलिनीबाई, ही एक यादी चुकली म्हटलं की मग सगळ्याच चुकल्या. ज्या मुलींच्या घरी आपण पत्रं पाठवली, त्यांचे पालक उद्या दारात उभे राहतील. ती मुलगी कुठेतरी लागलीही असेल. झालं ते झालं. तुम्ही बॅटरी बदला."

मी काय म्हणायला हवं होतं ते मला आज चांगलं सुचतं. त्या दिवशी मी म्हटलं, "सरी सर." मला नोकरी हवी होती. दुसरं काही कारण नाही. त्याच दुपारी बॅटरी आणून बसवली.

तिच्या घरचा पत्ता मला ठाऊक होता. चामराजपेटेतून चालत अर्धा तास. मी गेले नाही. चार महिने गेले नाही. मग पुतणीच्या लग्नाच्या साड्या घ्यायला चिकपेटेत गेले, आणि एका घाऊक दुकानाच्या माडीवर पांढऱ्या गादीवर शारदा साड्यांच्या घड्या घालत बसलेली. मला बघून उठली, "या अक्का" म्हणाली, बसायला जागा केली. चहा मागवू का, विचारलं.

मी म्हटलं, "शारदा, ते तू नव्हतीस."

"ठाऊक आहे मला," ती म्हणाली. हातातली घडी पूर्ण केली. "ती तुमची परीक्षा होती. बोर्डावर बावीस वाचलं तेव्हाच वाटलं मला."

"मग सेक्रेटरी सरांना का नाही सांगितलंस?"

"काय सांगू? ती घाण नलिनी अक्कांनी मागितली असं? त्यांच्यासमोर तुमचं नाव घ्यायला मला जमलं नाही. तुम्हाला आकडा सांगितला, म्हटलं तुमच्या लक्षात येईल, तुम्हीच सांगाल. रोज वाट बघितली, अक्का. दारात कुणी आलं की वाटायचं तुम्हीच."

मी म्हटलं, काय करू सांग. ती म्हणाली, "अण्णा माझ्याशी बोलत नाही. वहिनी मुलांना माझ्या खोलीत पाठवत नाही. पत्र द्या मला एक. कन्नडात लिहा, अण्णाला मराठी वाचता येत नाही."

दुकानाच्या कागदावर तिथेच बसून लिहिलं. सगळं खुलासेवार लिहिलं: वीज गेल्याने घड्याळ मागे पडलं, त्यामुळे यादीत चुकीची वेळ आली, त्यामुळे गैरसमज झाला, शारदाचा यात काहीही दोष नाही. खाली सही केली. तिने एकदा वाचलं, पुन्हा वाचलं आणि माझ्यापुढे ठेवलं.

"सगळं घड्याळानेच केलं होय, अक्का?"

मी कागद उलटा केला आणि मागच्या बाजूला पुन्हा लिहिलं. ते पत्ते मी मागितले. मी रजिस्टरात सही केली नाही. बॅटरी मी बदलली नाही. तिने मला बघायला सांगितलं आणि मी बघितलं नाही. चार ओळी लिहायला मला मगाचच्या पानभर मजकुरापेक्षा जास्त वेळ लागला. तिने कागदाची घडी घातली, ब्लाउजमध्ये ठेवली आणि विचारलं, "लग्नाला कुठल्या रंगात दाखवू?" मी चार साड्या घेतल्या. तिने दाखवल्या त्या सगळ्या चांगल्या होत्या.

त्यानंतर त्या कॉलेजात मी आणखी अकरा वर्षं काढली. याद्या पुढे दोन वर्षं लागत होत्या, मग सेक्रेटरी बदलले आणि बंद पडल्या. मी निवृत्त झाले तेव्हा शाल, नारळ आणि भाषणं झाली. कुणीतरी म्हणालं, नलिनीबाईंच्या कामात कधी चूक निघाली नाही.

ते पत्र शारदाने भावाला दाखवलं, एवढं मला नंतर कळलं. तो बोलायला लागला की नाही ते कळलं नाही. कॉलेजात ते पत्र तिने कधी आणलं नाही. आणायचं होतं ते मी, आणि मी आणलं नाही.